अनावश्यक ध्वनी

पडद्यावर लाल अक्षरांत ओळ उमटली : ‘बिल्ला नामंजूर. कारण : अनावश्यक ध्वनी.’ त्याने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली आणला आणि परत वाचले. आधी त्याला खुर्चीची शंका आली. डावीकडे वळताना ती कुरकुरायची आणि देखभालवाल्यांना सांगून सांगून त्याचे तोंड दुखले होते. मग वाटले, शेजारच्या खुर्चीत कायम शाल पांघरून बसणाऱ्या शालवालीचा खोकला असेल. ओळीच्या शेवटी एक बारीक बाण होता. तो दाबला तसे त्याच्याच आवाजाचे तुकडे एकामागोमाग वाजू लागले. गेल्या काही महिन्यांतल्या फोनांमधून यंत्राने ते कापून काढले होते. प्रत्येक तुकड्यात कुणीतरी धापा टाकत, रडत, ओरडत काहीतरी सांगत होते आणि मध्येच, पिवळ्या पट्टीने खूण केलेल्या जागी, तो म्हणत होता : हं. थोड्या वेळाने पुन्हा, हं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो हे त्याला ठाऊक होते. हा परकाही वाटत नव्हता. कुणाचाच वाटत नव्हता. तो तुकडे पुढे सरकवत गेला आणि एका तुकड्यावर थांबला. एक बाई बोलत होती. चाळिशीची असावी. “जिन्यावरून पडलेत हो ते. मान अशी वाकडी झालीय. शेजारचे आलेत सगळे. उचलून आत घेऊ का यांना?” आणि तो : “हं.” तिथे तुकडा संपला.

मान दुखावलेल्या माणसाला हलवायचे नाही, हे या खोलीत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होते. शहरात कुठेही कुणी पडले, भाजले, गुदमरले की फोन या खोलीत येई आणि इथून रुग्णवाहिका निघे. मधली मिनिटे आवाजावर काढायची, हेच त्याचे काम. तरुणपणी तो इथे आला तेव्हा भिंतीवर कागदी नकाशा होता आणि शिकणे म्हणजे जुन्या माणसाच्या शेजारी बसून ऐकणे. आता नकाशा पडद्यात गेला होता आणि शिकण्याचे बारीक बारीक तुकडे झाले होते. जेवणाच्या सुट्टीत, कामाच्या आधी, घरी सोफ्यावर बसून एकेक छोटा पाठ घ्यायचा, परीक्षा द्यायची, की नावापुढे एक गोल बिल्ला चमकू लागे. पत्ता पडताळणीचा हिरवा. भाजलेल्यांना सूचना देण्याचा नारिंगी. हे सगळे त्याने मिळवले होते, काही तर आवडीनेही. भाजण्याच्या पाठात त्याला खरोखरच दोन नव्या गोष्टी कळल्या होत्या. राहिला होता एकच, निळा : ‘सक्रिय श्रवण’. तो महिनाअखेरपर्यंत मिळाला नाही तर कानावरचा हेडफोन काढून तळघरातल्या भांडारात जायचे, ऑक्सिजनची नळकांडी आत-बाहेर करायची. तसा आदेशच निघाला होता.

“काय रे हुंकारराव,” शालवाली म्हणाली, “तोंड का असं? नापास?”

“नामंजूर.”

“कशात? ऐकण्यात?” ती मोठ्याने हसली आणि पलीकडच्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाली, “अरे, ज्याचा जन्म फोन ऐकण्यात गेला, तो ऐकण्यात गचकला!” चार माना वळल्या. तोही हसला. हसताना त्याचा अंगठा पुन्हा त्या तुकड्यावर होता. उचलून आत घेऊ का यांना. हं. हा हं तो ओळखत होता. हा होकार नव्हता. हा ‘बोला, पुढे बोला’चा हं होता. बोटे पत्ता टाइप करत असतात, डोळे नकाशावर जवळची गाडी शोधत असतात, आणि पलीकडचा माणूस अंधारात एकटा पडू नये म्हणून घसा आपला आपण तो आवाज काढतो. पण आता, हेडफोनमधून, बाहेरच्या माणसासारखा ऐकताना तो हं सरळसरळ ‘हो’ होता. लहान मुलालाही तो हो वाटला असता. त्याने तो फोन आठवायचा प्रयत्न केला. जिन्यावरून रोज कुणी ना कुणी पडते. बायका, म्हातारे, दारू प्यायलेले. सगळे जिने एकात एक मिसळून एकच लांब जिना झाला होता आणि त्याच्या पायथ्याशी कुणीतरी मान वाकडी करून पडले होते.

प्रशिक्षण देणारी बाई त्याच मजल्यावर काचेच्या खोलीत बसत असे. वयाने त्याच्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. पूर्वी ती खिडकीजवळच्या खुर्चीत फोन घ्यायची आणि तिचा पहिला फोन त्यानेच शेजारी बसून तिच्याकडून घेववला होता. म्हणून ती त्याला सर म्हणायची आणि तो तिला, इतरांसमोर तरी, मॅडम.

“या सर. मला वाटलंच येणार तुम्ही.”

“मॅडम, आयुष्यभर मी हं म्हणत आलो. लोकांना बरं वाटतं. यंत्राला काय कळतंय त्यातलं?”

“यंत्राला नाही कळत,” ती म्हणाली. “ते नुसतं मोजतं. पण सर, मला हं म्हणायला तुम्हीच शिकवलंत. पलीकडच्याला वाटलं पाहिजे की कुणीतरी आहे, असं म्हणाला होतात. मी पण म्हणायचे. मग हाच बिल्ला घेताना माझे तुकडे ऐकले.” ती थांबली. टेबलावरची पेन्सिल तिने उगाच सरळ केली. “मला जेवण जाईना. एका आजोबांनी विचारलं होतं, शुद्ध हरपलेल्या बायकोला पाणी पाजू का. मी म्हणाले, हं.”

“मग?”

“मग काय? पुढचं आपल्याला कधी कळतं का?”

ते खरे होते. गाडी दारात पोचली की फोन तुटतो. या खोलीतल्या सगळ्यांकडे गोष्टींच्या नुसत्या सुरुवाती होत्या. त्याला वाटले आता उठावे, पण तो उठला नाही. पेन्सिलीकडे पाहत त्याने विचारले, “या तुकड्यांचं पुढचं असतं ना? म्हणजे सगळं बोलणं?”

“असतं. मागवता येतं.” ती त्याच्याकडे बारकाईने बघू लागली. “पण मागवलं की तो फोन आपोआप चौकशीला जातो. आणि चौकशी संपेपर्यंत तुम्हाला लाइनवर बसता येत नाही. मागवू का?”

“छे छे. सहज विचारलं.”

“बरं. उद्या दुपारी दुसरी संधी आहे. मी शेजारी बसेन, चालू फोनवर. हं नाही म्हणायचं, बस. ‘मी ऐकत आहे’ म्हणा. ‘सांगा’ म्हणा. शब्द म्हणा.”

बाहेर आल्यावर तो उरलेले फोन तोंडात गुळणी धरल्यासारखा घेत राहिला. हं वर येई आणि दातांमागे अडे. संध्याकाळी रस्त्यावरून चालताना त्याला जिकडेतिकडे तोच आवाज ऐकू येऊ लागला. फळवाला गिऱ्हाइकाला हं म्हणत होता आणि नजर तिसरीकडेच. फोन कानाला लावून एक मुलगी चालली होती, हं, हं, हं, आणि प्रत्येक हं आधीच्यापेक्षा पातळ. त्याच्या लहानपणी आई शर्टांना काजे करायची. खिडकीशी बसून, दुपारी, आणि तो समोर दोऱ्याची रिळे लावत बसे. ती गोष्ट सांगे आणि मध्येच सुई थांबवून म्हणे, “हं म्हण की रे. मी काय भिंतीला सांगतेय?” मग तो हं म्हणे. हळूहळू त्याला शोध लागला की हं म्हणायला गोष्ट ऐकावी लागत नाही. आवाज खाली उतरला, वाक्य संपल्यासारखे वाटले, की म्हणायचे. मन बाहेर गोट्यांच्या डावात ठेवून हं इथे बसवता येतो. एकदा आई त्याच संथ आवाजात म्हणाली, “मग राजा मेला, आणि मेल्यावर हात धुऊन जेवायला बसला.” हं, तो म्हणाला. आई शर्ट तोंडाशी धरून इतकी हसली की शेजारीण डोकावली. “बघा हो, मेलेल्याला जेवायला वाढलं तरी याचा हं!” पुढे कित्येक दिवस घरात तीच थट्टा. त्या हसण्याची त्याला कायम ऊब वाटत आली होती. आज, सिग्नलपाशी उभे असताना, ऊब वाटली नाही. आईने त्याला पकडले होते आणि ती हसली होती, म्हणून पकडले गेल्याचे त्याच्या कधी लक्षातच आले नव्हते.

जेवताना बायको थोरल्या मुलीच्या नव्या घराबद्दल सांगत होती. थोरली परवाच नव्या जागेत राहायला गेली होती, खालच्या मजल्यावर कुणी ढोलकी शिकत होते, मोरीचा उतार उलटा होता. तो पानात बघत जेवत होता. हं गिळला की घास घशाशी अडखळायचा. “बरं नाही का वाटत?” बायकोने विचारले.

“ऐकतोय मी. सांग.”

“अगंबाई.” तिने वाढायचा चमचा खाली ठेवला. “ऐकतोय म्हणताय? कामावर काय बिनसलं?”

त्याने बिल्ल्याचे सांगितले. जिन्याचे सांगितले नाही. ती आधी हसली, शालवालीसारखीच. मग हसणे आवरून म्हणाली, “खरं सांगू? रागावू नका. तुम्ही हं म्हणालात की मी बोलणं आटोपतं घेते. तुमचा हं म्हणजे दुकानाचं शटर. अर्धं खाली आलं की गिऱ्हाइकाला कळतं.”

“म्हणजे मी ऐकतच नाही?”

“ऐकता हो. ऐकता. पण हं म्हणता तेव्हा नाही.” तिने हे इतक्या सहज म्हटले की त्यात तक्रार नव्हती. पाण्याचा तांब्या कुठे असतो हे सांगावे तसे. आणि लगेच ती मोरीच्या उतारावर परत गेली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षे हे तिला ठाऊक होते. ठाऊक असून ती त्याच्याभोवती, वाटेतल्या खांबाला वळसा घालावा तशी, बोलत आली होती. फोनवरच्या बायकांना हे ठाऊक नसते. त्यांना तो आवाज पहिल्यांदाच ऐकू येत असतो. हाताशी दुसरे काही नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रशिक्षणवाली दुसरा हेडफोन जोडून त्याच्या उजवीकडे बसली. शालवालीने लांबूनच हाताने तोंड बंद ठेवायची खूण केली. पहिला फोन चुकीचा होता, दुसऱ्यात एका मुलाचे बोट दारात चेमटले होते. तिसरा आला तेव्हा पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास. आत ओढताना शिट्टीसारखा आणि बाहेर टाकताना जवळजवळ नाहीच.

“रुग्णवाहिका सेवा. काय झालंय, सांगा.”

शिट्टी. मग अगदी खालून, बाईच्या आवाजात, “हं...”

त्याची बोटे थबकली. प्रशिक्षणवालीने मान वर केली. पडद्यावर इमारत दिसत होती, मजला कळत नव्हता. “दम्याचा त्रास आहे का तुम्हाला?” “हं.” हा हो असेल. हा नुसता श्वासही असेल. कालपर्यंत त्याने तो हो धरला असता आणि पुढे गेला असता. आता त्याला तो धरता येईना. पाठातली एक गोष्ट त्याला आठवली, उत्तर द्यायची वाट आपण आखून द्यायची. तो म्हणाला, “बाई, बोलू नका. फोनवर नखाने टकटक करा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. कळलं?” टक्. “दम्याचा त्रास आहे?” टक्. “पंप हाताशी आहे?” टक् टक्. “कितव्या मजल्यावर आहात? तितक्या वेळा वाजवा.” तिने वाजवले. तो मनात नाही, मोठ्याने मोजत होता, तिला ऐकू जावे म्हणून. गाडी निघाली. “दार उघडं आहे?” टक् टक्. “दारापर्यंत बसत बसत जाता येईल? घाई नको.” काही नाही. मग कापड फरशीवर घासल्याचा आवाज, पुन्हा शिट्टी, पुन्हा घासणे. कडी. “शाब्बास. आता पुढे वाकून बसा, हात गुडघ्यांवर.”

टाइप करण्यासारखे काही उरले नव्हते. बोटे कीबोर्डवर नुसती पडून होती. गाडी नकाशावर एका चौकात अडकली होती. त्याने गप्प राहून ऐकले आणि पलीकडून लगेच टक् टक् टक् टक्, वेड्यासारखे. तिला वाटले होते फोन तुटला. “मी ऐकत आहे,” तो म्हणाला. ते वाक्य त्याचे त्यालाच छापील वाटले. टक् टक् टक्. “मी ऐकत आहे, बाई. गाडी निघाली आहे.” शिट्टी आखूड होत चालली. प्रत्येक श्वासाच्या शेवटी ती आता हं असा आवाज काढत होती, उत्तर म्हणून नाही, श्वासाला धरायला कठडा हवा म्हणून. प्रशिक्षणवालीचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. “हं,” पलीकडून. आणि तो म्हणाला, “हं.” तिने श्वास सोडला. “हं.” “हं.” त्याने ठरवून म्हटले होते, आणि म्हणताना तो दुसरीकडे कुठेही नव्हता. तिचा श्वास किती आत गेला, कुठे अडकला, मागे पंख्याचे पाते कशाला तरी घासतेय, जिन्यात पावले वाजताहेत, हे सगळे त्याला ऐकू येत होते. दचकून त्याला कळले की तो ऐकतो आहे. हे असे असते. म्हणजे एरवी असे नसते.

दार ढकलल्याचा आवाज आला, पुरुषी आवाज, “ओ कंट्रोल, पोचलो आम्ही,” आणि फोन तुटला.

मग पडद्यावर लाल ओळ आली, कालच्यासारखीच. प्रशिक्षणवालीने हेडफोन गळ्यात उतरवला आणि डोळे पुसले, चष्म्याखालून, तो बघत नसल्यासारखे. “हे मी होऊ देणार नाही,” ती म्हणाली. “मला यंत्राचा निकाल फिरवता येतो, तेवढा अधिकार आहे मला. मी इथे शेरा लिहिते, सर. आत्ता लिहिते. संध्याकाळी तुमच्या नावापुढे निळा बिल्ला असेल आणि विषय संपला.”

“आणि तो जिन्याचा फोन?”

तिच्या बोटांनी लिहायला घेतले होते, ती थांबली. “त्याचं काय?”

“तो मागवा.”

“सर, वेड लागलंय का? काल सांगितलं ना मी. मागवला की चौकशी. तुम्ही खाली भांडारात जाल. मग माझ्या शेऱ्याला काही अर्थ राहणार नाही.” तिने आवाज खाली आणला. “मी माझा मागवला नाही. तुम्हीही मागवू नका. ऐकून कुणाचं काय परत येणार आहे?”

“काही नाही.”

“मग?”

हं दातांपर्यंत आला होता, पण त्याने शब्द जुळेपर्यंत वाट पाहिली. “मागवा,” तो म्हणाला. “मला तो ऐकायचाय.”

मग तिने खुर्ची त्याच्या पडद्याकडे ओढली, आपला क्रमांक घातला, एका प्रश्नाला होय केले, दुसऱ्याला होय केले. वरच्या कोपऱ्यातले त्याचे नाव राखाडी झाले आणि सगळे बिल्ले नावासकट विझले. शालवालीने ते तिच्या पडद्यावर पाहिले असावे. “ए, हे काय झालं याच्या नावाला?” ती म्हणाली, पण तेवढ्यात तिच्या कानात कुणीतरी बोलू लागले आणि ती वळली. प्रशिक्षणवाली उठली. “मी आत आहे,” एवढेच म्हणून ती काचेच्या खोलीत गेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला आणि फोन पहिल्यापासून लावला. स्वतःचा आवाज, रुग्णवाहिका सेवा. बाईचा आवाज. पत्ता. तिने पत्ता सांगतानाच त्याची बोटे वाजायला लागली होती; कीबोर्डचा तो आवाज इतका मोठा असतो हे त्याला माहीत नव्हते. जिन्यावरून पडलेत हो ते. मान अशी वाकडी झालीय. शेजारचे आलेत सगळे. उचलून आत घेऊ का यांना?

“हं.”

तुकडा इथे संपला होता. आता संपला नाही. कीबोर्ड वाजत राहिला. मग बाई म्हणाली, आवाज फोनच्या अगदी जवळ आणून, प्रत्येक शब्द सुटा करून, बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे, “नाही, म्हणजे... हलवलं तर चालेल ना? मी विचारतेय. हं म्हणजे उचलू ना?”

कीबोर्ड थांबला नाही.

“हं,” त्याचा आवाज म्हणाला.

ती फोनपासून दूर होऊन कुणाला तरी म्हणाली, “हो म्हणतायत ते. उचला.”